सह्या झाल्या, आता शेणाचा हिशेब मागा

प्रश्न थोडक्यात असा: वस्तीपासून सव्वा किलोमीटरवर ३,००० गायींचा बंदिस्त दूधप्रकल्प प्रस्तावित आहे. हरकती नोंदवायला सहा आठवडे उरले आहेत. सह्यांची मोहीम झाली, सभा झाली, फलक लागले. आता नेमके काय करायचे?

सह्या वाया जात नाहीत, पण त्यांतून लोकांना प्रकल्प नको आहे एवढेच कळते. परवानगी नाकारायची असेल तर अधिकाऱ्याला उद्या अपिलात टिकेल असे कारण लागते. ‘वास येईल’, ‘पाणी नासेल’ अशा हरकतींवर त्याच्याकडे तयार उत्तर असते: अटी घालू आणि परवानगी देऊ. याउलट ‘स्लरीच्या (शेण, मूत्र आणि पाणी यांच्या पातळ मिश्रणाच्या) तलावाची क्षमता गरजेपेक्षा ३०,००० घनमीटरने कमी आहे, हा हिशेब पाहा’ असे कोणी लिहून दिले, तर अट घालून ते झाकता येत नाही. आराखडाच बदलावा लागतो.

इंग्लंडमधल्या लिंकनशायर परगण्यातले नॉक्टनचे प्रकरण यासाठी पाहण्यासारखे आहे. २००९च्या अखेरीस तिथे ८,१०० गायींचा प्रस्ताव आला. तो मागे घेऊन २०१०मध्ये ३,७७० गायींचा नवा प्रस्ताव दाखल झाला. गायींना कुरण मिळणार नाही यावरून देशभर गदारोळ झाला. पण फेब्रुवारी २०११मध्ये प्रकल्प मागे घेतला गेला, तेव्हा कारण पुढे आले ते तिथल्या पर्यावरण यंत्रणेच्या भूजलाविषयीच्या हरकतीचे. जागा चुनखडीच्या जलधर थरावर होती. गदारोळामुळे यंत्रणांचे लक्ष तिकडे वेधले गेले असेल, पण काम केले ते खडकाच्या कागदाने.

म्हणून पहिला आठवडा फक्त कागद गोळा करण्यात घालवा. लोकांसाठी ठेवलेल्या संचात बहुतेक वेळा सारांश असतो आणि खरा माल परिशिष्टांत असतो. लेखी अर्ज करून ही परिशिष्टे मागा: वयोगटानुसार जनावरांचा तक्ता, मलमूत्र व्यवस्थापनाचा आराखडा, स्लरी पसरायच्या जमिनींची यादी आणि मालकांशी झालेले करार, तलावाची छेदचित्रे, जागेवर घेतलेल्या छिद्रांच्या भूस्तरीय नोंदी, पाण्याच्या उपशाची चाचणी, आणि वास व अमोनिया कुठवर पोचेल याचा संगणकी अंदाज देणाऱ्या प्रतिमानाला दिलेली मूळ आकडेवारी. त्या प्रतिमानाचे रंगीत नकाशे पुरेसे नाहीत, आत काय घातले ते हवे. अर्जाची पोच घ्या. कागद वेळेत मिळाले नाहीत तर मुदतवाढ मागायला तीच पोच उपयोगी पडते.

आता आकडे. ‘३,००० गायी’ म्हणजे नक्की काय, हे आधी ठरवून घ्या. काही प्रस्तावांत फक्त दूध देणाऱ्या गायी मोजतात, काहींत भाकड धरतात, आणि कालवडी व वासरे बहुतेकदा ‘दुसरीकडे वाढवली जातील’ या एका वाक्यात उरकतात. कळपातल्या साधारण ३० टक्के गायी दरवर्षी बदलाव्या लागतात आणि कालवड दोन वर्षांनी विते. म्हणजे ३,००० गायींमागे १,८०० ते २,००० लहान जनावरे कुठे ना कुठे असणारच. ‘दुसरीकडे’ म्हणजे कुठे, हे लेखी विचारा. उत्तर नसेल तर ती याच जागी येणार असे धरून हिशेब मांडण्याचा तुम्हाला अधिकार आहे.

आपण सध्या वासरे सोडूनच हिशेब करू. तो प्रकल्पवाल्याच्या बाजूने झुकलेला असेल, आणि म्हणूनच सुनावणीत भक्कम ठरेल. ३,०००पैकी २,५५० दुभत्या आणि ४५० भाकड धरा. जास्त दूध देणारी होल्स्टीन गाय दिवसाला शेण-मूत्र मिळून सुमारे ६८ किलो टाकते, भाकड गाय ३८ किलो. बेरीज १९० टन रोज, वर्षाला जवळजवळ ६९,५०० टन. यात पाण्याचा अंश मोठा असल्याने टन आणि घनमीटर ढोबळमानाने सारखेच धरता येतात.

इथे पहिली चूक सापडण्याची शक्यता सर्वांत जास्त. तलावाची क्षमता ठरवताना कित्येकदा फक्त हाच आकडा घेतलेला असतो. पण तलावात दोन गोष्टी आणखी जातात. दोहनगृह आणि भांडी धुतल्याचे पाणी दुभत्या गायीमागे रोज ३० लिटर धरले तरी वर्षाला २८,००० घनमीटर होते, आणि गल्ल्या पाण्याच्या लोटाने धुणार असतील तर ते कित्येक पटींनी वाढते. शिवाय पाऊस: उघडे काँक्रीटचे आवार, मुरघासाचे (आंबवून साठवलेल्या हिरव्या चाऱ्याचे) खड्डे आणि खुद्द तलाव मिळून ५ हेक्टर असतील आणि वर्षाला ८०० मिलिमीटर पडत असेल, तर ४०,००० घनमीटर. एकूण १,३७,५००. सहा महिने साठवायचे तर ६८,७५० घनमीटर जागा हवी. नुसत्या शेण-मूत्राच्या हिशेबाने ती ३४,७५० दिसते. वर बांधापर्यंत रिकामी ठेवायची उंचीही क्षमतेतून वजा झाली पाहिजे. मातीच्या बांधाच्या तलावाला इंग्लंडच्या नियमांत ती ७५ सेंटिमीटर आहे. तळाशी साचणारा गाळही वजा करा, कारण तो पूर्ण कधीच निघत नाही.

तलाव अपुरा असला म्हणजे तो फुटेलच असे नाही. होते ते वेगळे. तलाव भरत आला की शेतात चिखल असो वा डोक्यावर पावसाचे ढग असोत, स्लरी बाहेर काढावीच लागते. ती पिकाच्या गरजेने नव्हे, तलावाच्या गरजेने पसरली जाते. ओढ्यात मासे मरण्याचे मूळ अनेकदा इथे असते. कच्च्या घरगुती सांडपाण्याची जैविक ऑक्सिजन मागणी, म्हणजे ते कुजताना पाण्यातला जेवढा ऑक्सिजन खाते ते प्रमाण, लिटरमागे सुमारे ३०० मिलिग्रॅम असते, तर गायींच्या स्लरीची १०,००० ते २०,०००. मुरघासातून पाझरणारा रस याहून जहाल, ३०,०००च्या पुढे. आणि सांडलेले दूध त्याहीपेक्षा वाईट, लाखाच्या घरात. मुरघासाच्या रसाची गटारे कुठे जातात हे आराखड्यात पेन्सिलीने शोधून काढा. ती पावसाच्या पाण्याच्या नाल्याला जोडलेली दिसली तर एका पानाची हरकत त्यावर वेगळी लिहा.

यानंतरचा हिशेब नत्राचा, म्हणजे नायट्रोजनचा. माझ्या मते सगळ्या प्रकरणाचे मर्म यातच आहे. दुभती गाय रोज सुमारे ०.४५ किलो नत्र बाहेर टाकते, भाकड ०.२३ किलो. ३,००० गायींचे वर्षाला साधारण ४,५६,००० किलो झाले. गोठ्यात आणि तलावात यातले ३० टक्के अमोनिया होऊन उडाले असे धरा, तर ३,१९,००० किलो जमिनीवर जायचे उरते. युरोपीय संघाच्या १९९१च्या नायट्रेट निर्देशानुसार जनावरांच्या खतातून हेक्टरी वर्षाला १७० किलो नत्राची मर्यादा आहे. तुमच्याकडे तो नियम लागू असो वा नसो, मोजपट्टी म्हणून तो वापरता येतो: सुमारे १,८८० हेक्टर जमीन लागेल. आता यादीतली जमीन मोजा. ओढ्यालगतचे पट्टे, विहिरींच्या भोवतीचा भाग, तीव्र उतार, उथळ खडक, घरे आणि रस्ते वजा करा. बेरजेत दहा-वीस टक्के सहज गळतात.

आणि करार वाचाच. कित्येकदा तिथे नुसते संमतिपत्र असते, ‘गरजेनुसार खत घेण्यास हरकत नाही’ अशा मजकुराचे, ना मुदत ना प्रमाण. एकच गट नंबर दोन प्रकल्पांच्या यादीत असणे हाही प्रकार घडतो. त्या शेतकऱ्याला जाऊन भेटा, भांडायला नव्हे, विचारायला. त्याच्या शेतात आधीच कोंबडीखत पडत असेल तर तेवढा नत्र त्या मर्यादेतून वजा होतो.

स्फुरदाचा (फॉस्फरसचा) हिशेब तर बहुतेक आराखड्यांत नसतोच. या कळपातून वर्षाला सुमारे ७७,००० किलो स्फुरद (मूलद्रव्य म्हणून) बाहेर पडते, आणि नत्रासारखे त्यातले काही हवेत उडत नाही. पीक हेक्टरी ३० किलो उचलते असे धरले तर २,५००हून जास्त हेक्टर लागतात. नत्रापुरती जमीन पुरेशी दाखवली असली तरी स्फुरद वर्षानुवर्षे मातीत साचत जातो आणि पावसाबरोबर वाहून तळ्यात शेवाळ माजवतो. खतांच्या कोष्टकात स्फुरद बऱ्याचदा ऑक्साइडच्या रूपात लिहितात. मूलद्रव्याच्या आकड्याला २.२९ने गुणले की तो आकडा येतो. एकके न बघता तुलना केलीत तर सुनावणीत पहिल्या मिनिटाला उघडे पडाल.

आता एक खुबी. जमिनीच्या प्रकरणात नत्र जास्त उडाला असे धरले की जमीन कमी लागते. हवेच्या प्रकरणात नत्र कमी उडाला असे धरले की अमोनिया कमी दिसतो. दोन्ही अहवाल दोन वेगळ्या सल्लागारांनी लिहिलेले असतात आणि एकमेकांचे वाचलेले नसतात. दोन्हींतले गृहीत आकडे शेजारी ठेवा. ३० टक्के उडाला तर १,३७,००० किलो नत्र, म्हणजे सुमारे १,६६,००० किलो अमोनिया हवेत. हवेच्या अहवालात याच्या निम्मा आकडा असेल, तर उरलेला नत्र जमिनीवर गेला पाहिजे आणि जमीन तितकी वाढली पाहिजे. गाय जेवढा नत्र टाकते तेवढा कुठे तरी जाणारच. ही विसंगती सापडली तर तीच हरकत क्रमांक एक करा.

‘बायोगॅस संयंत्र बसवणार आहोत, म्हणजे प्रश्न मिटला’ हे उत्तर येईलच. संयंत्रात कर्बयुक्त पदार्थांचा मिथेन होतो, वास बराच कमी होतो, हे खरे. पण नत्र आणि स्फुरद जेवढे आत गेले तेवढेच बाहेर येतात, आणि आकारमानही फारसे घटत नाही. उलट नत्राचा मोठा हिस्सा अमोनियमच्या रूपात येतो आणि सामू (पीएच) चढतो, त्यामुळे बाहेर आलेली स्लरी उघड्यावर ठेवली किंवा वरून फवारली तर अमोनिया जास्त उडतो. तेव्हा विचारा: संयंत्रानंतरचा तलाव झाकलेला आहे का, आणि स्लरी जमिनीत इंजेक्शनने घालणार की वरून शिंपडणार?

तलावाच्या तळाविषयी ‘अभेद्य’ हा शब्द दिसला की सावध व्हा. चिकणमातीच्या अस्तराची सर्वमान्य कसोटी सेकंदाला १०⁻⁹ मीटर पारगम्यता ही आहे. अस्तर एक मीटर जाड, वर चार मीटर स्लरी, म्हणजे एक मीटर अस्तरावर एकूण पाच मीटरचा दाब, जलदाबाचा उतार पाचपट. दिवसाला ०.४३ मिलिमीटर पाझर. एका हेक्टरच्या तळातून तो रोज ४,३०० लिटर होतो, आणि हे अस्तर कसोटीला पूर्ण उतरले असताना. प्रत्यक्षात शेणाचे बारीक कण छिद्रे बुजवतात आणि पाझर घटतो. कंपनीचा तज्ज्ञ हे सांगेल आणि ते बरोबरही आहे. तुमचा मुद्दा पुढचा असावा: तलाव रिकामा केल्यावर तळ वाळून तडकतो, गाळ ढवळणारे यंत्र अस्तर खरवडते, पाइप बांधातून जातो तिथे फट पडते. म्हणून मागणी दुहेरी अस्तराची आणि दोन अस्तरांमध्ये गळती ओळखणाऱ्या नळीची करा. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातल्या याकिमा खोऱ्यात २०१५ साली न्यायालयाने गळणारी आणि गरजेपेक्षा जास्त पसरलेली स्लरी हा कचराच मानला. त्यानंतरच्या तडजोडीत दुहेरी अस्तर, निरीक्षण विहिरी आणि शेजाऱ्यांना शुद्ध पाणी या गोष्टी आल्या. तिथे पुरावा ठरला तो मुळांच्या खालच्या मातीतल्या नायट्रेटचा आणि गोठ्यांच्या स्वतःच्या नोंदींचा.

कागदांचे काम चालू असतानाच विहिरींचे काम सुरू करा, कारण प्रकल्प उभा राहिल्यावर ‘आधी पाणी कसे होते’ हे कोणीही सांगू शकणार नाही. दहा-बारा विहिरी आणि बोअर निवडा. त्यांतल्या दोन-तीन भूजलाच्या प्रवाहाच्या वरच्या अंगाला हव्यात, नाहीतर तुलना होत नाही. प्रत्येक ठिकाणी पाण्याची पातळी, नायट्रेट, अमोनियम, क्लोराइड, विद्युत वाहकता आणि ई. कोलाय तपासा. उन्हाळ्यात एकदा, पावसानंतर एकदा. क्लोराइडची चाचणी स्वस्त आहे, ती सोडू नका. क्लोराइड मातीत अडकत नाही आणि जिवाणू ते खात नाहीत. नायट्रेट आणि क्लोराइड एकत्र चढले तर मलमूत्राचा किंवा सांडपाण्याचा संशय बळावतो, नायट्रेट एकटाच चढला तर बोट युरियाकडे जाते. पोटॅशच्या खतातही क्लोराइड असते, तेवढे ध्यानात ठेवा. नत्राच्या समस्थानिकांची (त्याच्या हलक्या-जड अणूंच्या प्रमाणाची) चाचणी शेणखत आणि रासायनिक नत्र वेगळे काढते, पण गायीचे मल आणि माणसाचे मल तिला वेगळे ओळखता येत नाहीत. त्यामुळे जवळपास शोषखड्डे असतील तर त्या चाचणीवर फार पैसे घालू नका.

नमुना घेताना बोअर आधी चालू ठेवा, पाइपातले शिळे पाणी निघून वाहकता स्थिर होईपर्यंत. क्लोरीन टाकलेल्या टाकीतून नमुना घेऊ नका. जिवाणूंसाठी प्रयोगशाळेने दिलेली निर्जंतुक बाटली, बर्फात, २४ तासांच्या आत. प्रत्येक बाटलीवर जागा, तारीख, वेळ आणि दोघांच्या सह्या, त्यांतला एक माणूस शक्यतो समितीबाहेरचा. अहवाल आल्यावर पहिली नजर एककावर टाका. जागतिक आरोग्य संघटनेची लिटरमागे ५० मिलिग्रॅमची मर्यादा नायट्रेटसाठी आहे. नायट्रेटमधल्या नत्रात मोजले तर तीच ११.३ होते. ‘१०’ हा आकडा एका एककात निर्धास्त आहे आणि दुसऱ्यात धोक्याच्या उंबरठ्यावर. ही मर्यादा मुळात बाटलीच्या दुधावरच्या तान्ह्या मुलांसाठी आहे, ज्यांच्या रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची क्षमता नायट्रेटमुळे घटते. तुमच्या विहिरी आत्ताच ४०वर असल्या तर लपवू नका. कंपनी म्हणेल पाणी आधीच बिघडले आहे. तुम्ही म्हणा, म्हणूनच आणखी भार घ्यायला जागा उरलेली नाही.

उपशाचा मुद्दाही पाण्यातलाच. दुभती गाय रोज ११० लिटर आणि भाकड ५० लिटर पिते असे धरले, तर धुण्यासह रोज सुमारे ३,८०,००० लिटर लागतात. उष्ण दिवसांत त्याहून बरेच जास्त. उपशाची चाचणी किती तास आणि कोणत्या ऋतूत झाली ते पाहा. पावसाळ्यानंतर आठ तास पंप चालवून काढलेला निष्कर्ष कुचकामी असतो. सलग ७२ तास, कोरड्या ऋतूत, आणि आजूबाजूच्या विहिरींची पातळी त्याच वेळी मोजत, अशी चाचणी मागा.

वासाच्या अहवालात युरोपातली एक पद्धत जगभर उचलली जाते: ताशी सरासरीचा ९८वा शतमक गंध-एककांच्या ठरावीक मर्यादेखाली असावा, म्हणजे वर्षातल्या ९८ टक्के तासांत वास त्या मर्यादेखाली राहावा. ऐकायला काटेकोर वाटते. पण उरलेले २ टक्के म्हणजे वर्षातले १७५ तास मोजणीबाहेर, आणि ते नेमके वाऱ्याविना थंड संध्याकाळी येतात, जेव्हा जड हवा उतारावरून वस्तीकडे सरकते. नेहमीची प्रतिमाने वारा जवळजवळ थांबला की भरवशाची राहत नाहीत, आणि असे तास काही वेळा सरळ वगळलेले असतात. किती तास वगळले, हवामानाची नोंद कुठल्या केंद्राची, आणि तलाव ढवळण्याचे व शेतात स्लरी पसरण्याचे दिवस धरले का, हे तीन प्रश्न पुरेत. वासाची रोजनिशी आत्तापासून चार-पाच घरांत ठेवा, वाऱ्याच्या दिशेसह. ‘काही वास नाही’ अशा नोंदीही लिहा, त्यांनाच पुढे किंमत येते.

वाहतुकीचा हिशेब सोपा आहे: दुधाचे तीन-चार मोठे टँकर आणि दीडशे टनांच्या आसपास चारा रोज. वर्षाची सरासरी मानू नका, मका कापणीच्या आणि तलाव उपसण्याच्या आठवड्यांतल्या फेऱ्या मागा.

गायींच्या हालअपेष्टांचा मुद्दा मनाला भिडणारा आहे, पण बऱ्याच ठिकाणी जमीनवापराची परवानगी देणाऱ्या यंत्रणेला तो विचारात घेताच येत नाही. त्यावर स्वतंत्र निवेदन द्या, मुख्य हरकतीत तो मिसळू नका. तसेच घबराट टाळा. स्लरी ढवळताना निघणारा हायड्रोजन सल्फाइड प्राणघातक असतो, पण तो धोका तलावाजवळच्या कामगाराला आहे, सव्वा किलोमीटरवरच्या घराला नाही. १९९३मध्ये अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात क्रिप्टोस्पोरिडियम या पिण्याच्या पाण्यातल्या परजीवी जंतूने सुमारे चार लाख लोक आजारी पडले, ते उदाहरण गायींच्या शेणाला दोष देत अशा सभांत हमखास येते. पुढे जनुकीय तपासणीत तो जंतू मानवी प्रकारचा निघाला. समोरच्या वकिलाला हे माहीत असते, आणि मग तुमचा तलावाचा हिशेबही त्याच माळेत ओवला जातो.

सुनावणीत बोलायला तीन-पाच मिनिटे मिळतात. वीस जणांनी तेच बोलण्यापेक्षा विषय वाटून घ्या: एकाने साठवण, एकाने जमीन, एकाने विहिरी, एकाने हवा. प्रत्येकाने एक पान लेखी द्यावे, त्यात प्रस्तावातला पान क्रमांक, त्यांचा आकडा, तुमचा आकडा आणि फरकाचे कारण. नेदरलँड्सच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायसंस्थेने २९ मे २०१९ रोजी नत्राच्या परवान्यांची व्यवस्था मोडीत काढली, ती पुढे कधी तरी होणाऱ्या घटीच्या भरवशावर आज परवानगी देता येत नाही म्हणून. ‘जमिनीचे करार नंतर करू’ या उत्तरावर हाच तर्क लावता येतो.

परवानगी मिळालीच, तर लढाई अटींच्या शब्दांवर येते. ‘शक्यतो’, ‘आवश्यकतेनुसार’, ‘योग्य ती काळजी’ हे शब्द असलेली अट नसल्यात जमा. वासरांसह जनावरांचा कमाल आकडा, पहिल्या टप्प्यात १,००० आणि विहिरींचे दोन वर्षांचे निकाल पाहूनच पुढचा टप्पा, जमिनीचा करार संपला तर त्या प्रमाणात कळप कमी, निरीक्षण विहिरींचे तिमाही आकडे ३० दिवसांत जाहीर, पुढील ४८ तासांत मोठ्या पावसाचा अंदाज असेल तर स्लरी पसरण्यास मनाई, आणि प्रकल्प बंद पडल्यास तलाव रिकामा करण्याच्या खर्चाची आगाऊ हमी. तलावात उंचीच्या खुणा रंगवलेला खांब असावा आणि कमाल पातळीची लाल रेघ कुंपणाबाहेरच्या रस्त्यावरून दिसावी, हेही लिहून घ्या. म्हणजे तलाव किती भरला हे पाहायला कोणाच्या परवानगीची गरज पडणार नाही.